भारतातील युद्धपूर्व सलून मोटारगाड्यांची खरेदी-विक्री

युद्धपूर्व सलून मोटारगाडी म्हणजे दुसऱ्या महायुद्धापूर्वी तयार झालेली, कायमचे टणक छप्पर असलेली बंद प्रवासी मोटारगाडी होय. अशा गाड्या वारसाहक्काने, संग्राहकांच्या परस्पर व्यवहारातून किंवा जुन्या वाड्यांतील व कोठारांतील सामान विकताना आजही भारतात विक्रीस येतात. विक्रीच्या वेळी त्यांना सर्रास ‘विंटेज’ म्हटले जात असले, तरी या शब्दाला मोटारप्रेमींच्या संस्थांमध्ये, विमा व्यवहारात आणि भारतीय कायद्यात वेगवेगळा अर्थ आहे. अशा गाडीचे मोल केवळ तिच्या वयावर ठरत नाही. चासी, इंजिन व बॉडी मूळची आहे का आणि तिच्या मालकीच्या कागदपत्रांची साखळी अखंड आहे का, या दोन गोष्टी त्यात निर्णायक ठरतात. मराठवाड्यातील, म्हणजे पूर्वीच्या हैदराबाद संस्थानातील, गाड्यांच्या बाबतीत ही साखळी तीन राजवटींतून जात असल्यामुळे तिची तपासणी विशेष काळजीपूर्वक करावी लागते.

संज्ञा व वर्गीकरण

‘सलून’ हा बंद मोटारीसाठीचा ब्रिटिश शब्द आहे; अमेरिकेत याच प्रकाराला ‘सिडॅन’ म्हणतात. सलूनमध्ये चालक व प्रवासी एकाच दालनात बसतात. चालक व प्रवासी यांच्यामध्ये काचेचा पडदा असल्यास त्या गाडीला ‘लिमुझिन’ म्हणतात, तर कापडी घडीच्या छपराची उघडी गाडी ‘टूरर’ म्हणून ओळखली जाते.

ब्रिटिश परंपरेत १९०४ अखेरपर्यंतच्या गाड्यांना ‘व्हेटरन’, १९०५ ते १९१८ या काळातील गाड्यांना ‘एडवर्डियन’ आणि १९१९ ते १९३० या काळातील गाड्यांना ‘विंटेज’ म्हटले जाते. त्यानंतरच्या, महायुद्धापर्यंतच्या गाड्या ‘विंटेजोत्तर’ गणल्या जातात. भारतातील २००२ च्या मोटार विमा दरपत्रकात मात्र ३१ डिसेंबर १९४० पूर्वी तयार झालेली आणि व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडिया या संस्थेने प्रमाणित केलेली खासगी मोटार ‘विंटेज’ मानली आहे. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनी पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून अधिक काळ लोटलेल्या वाहनांना ही संज्ञा लावली.

परिणामी १९३८ ची एखादी सलून ब्रिटिश वर्गीकरणानुसार विंटेज ठरत नाही; पण भारतीय विमा दरपत्रकाच्या व नोंदणी नियमांच्या व्याख्येत ती बसू शकते. याउलट १९७० च्या दशकाच्या प्रारंभीची भारतीय बनावटीची मोटार कायद्याने विंटेज होऊ शकते, परंतु ती युद्धपूर्व नाही. म्हणूनच विक्रीच्या जाहिरातीतील ‘विंटेज’ या शब्दापेक्षा निर्मितीचे वर्ष व पहिल्या नोंदणीचे वर्ष अधिक महत्त्वाचे असते.

सलून प्रकाराचा उदय

मोटारीच्या आरंभीच्या काळात बहुसंख्य गाड्या उघड्या असत. बंद बॉडी हाताने बनवावी लागे. ती जड व महाग असे. अमेरिकेत १९१९ मध्ये तयार झालेल्या गाड्यांपैकी सुमारे एक दशांश गाड्या बंद होत्या. १९२७ पर्यंत हे प्रमाण चार पंचमांशांच्या वर गेले. १९२२ मध्ये हडसन कंपनीने आपल्या ‘एसेक्स’ नाममुद्रेखाली आणलेली स्वस्त बंद गाडी या बदलातील महत्त्वाचा टप्पा मानली जाते.

त्या काळातील बहुतेक बॉडींचा सांगाडा लाकडी असे. ब्रिटनमध्ये त्यासाठी प्रामुख्याने ‘अ‍ॅश’ वृक्षाचे लाकूड वापरीत आणि त्यावर पत्रा ठोकीत. संपूर्ण पोलादी बॉडीचे तंत्र अमेरिकेत एडवर्ड बड यांनी विकसित केले व ते डॉज कंपनीने स्वीकारले. तरीही टपाचा मधला भाग बरीच वर्षे लाकडी पट्ट्यांवर ताणलेल्या जलरोधक कापडाचाच राहिला, कारण एवढा रुंद पत्रा एकसंध दाबून काढणारी यंत्रे सर्वत्र नव्हती. जनरल मोटर्सने १९३५ च्या गाड्यांसाठी एकसंध पोलादी टप आणला. त्यामुळे टपाची रचना हा गाडीचा काळ ओळखण्याचा एक उपयुक्त दुवा ठरतो. जुन्या सलूनमध्ये पाणी शिरण्याची सुरुवातही बहुधा याच कापडी भागापासून होते.

भारतात आगमन

मुंबईत मोटारगाड्या एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आल्या. सुरुवातीला त्या पूर्णावस्थेत आयात होत. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईतील शिवडी येथे जुळणीचा कारखाना सुरू केला; तेथे पेट्यांतून आलेले सुटे भाग जोडून शेवरोलेसारख्या गाड्या तयार होत. फोर्डची भारतीय कंपनी १९२६ मध्ये स्थापन झाली. ती फोर्डच्या कॅनडातील कंपनीची उपकंपनी होती, कारण ब्रिटिश साम्राज्यातील बऱ्याच देशांचे हक्क कॅनडाच्या कंपनीकडे होते. भारतातील फोर्ड गाड्यांच्या नोंदींत कॅनडाचा उल्लेख येतो तो यामुळे, आणि तो बनावटपणाचा पुरावा समजू नये.

भारतात त्या काळी प्रामुख्याने दोन प्रकारच्या गाड्या दिसत. शेवरोले, फोर्ड, ब्युइक, डॉज, प्लिमथ या अमेरिकी गाड्यांची इंजिने मोठी आणि चासी जमिनीपासून उंच असे. कच्च्या व खडीच्या रस्त्यांवर त्या अधिक सोयीच्या ठरत. ऑस्टिन सेव्हन, मॉरिस एट, हिलमन मिंक्स यांसारख्या ब्रिटिश गाड्या लहान व पेट्रोल कमी खाणाऱ्या होत्या. या गाड्या लहान असण्यामागे ब्रिटनमधील करपद्धती होती. तेथे १९२१ पासून दर करपात्र अश्वशक्तीमागे एक पौंड कर आकारला जाई, आणि ही अश्वशक्ती सिलिंडरची संख्या व व्यास यांवरून सूत्राने ठरे. ‘मॉरिस एट’मधील ‘आठ’ हा आकडा म्हणूनच करासाठीची अश्वशक्ती दाखवितो. इंजिनाची प्रत्यक्ष ताकद त्याहून अधिक असे.

महायुद्धामुळे ब्रिटनमध्ये खासगी मोटारींचे उत्पादन जवळजवळ थांबले, तर अमेरिकेत ते फेब्रुवारी १९४२ मध्ये बंद झाले. भारतात १९४१ मध्ये पेट्रोलचे नियंत्रित वाटप सुरू झाले आणि काही वाहनांना कोळशापासून वायू तयार करणारी संयंत्रे जोडण्यात आली. स्वातंत्र्यानंतर सरकारने देशांतर्गत निर्मितीचा आग्रह धरला. केवळ जुळणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांना त्यात स्थान उरले नाही, आणि १९५० च्या दशकाच्या पूर्वार्धात जनरल मोटर्स व फोर्ड यांनी भारतातील जुळणी थांबविली. त्यामुळे सुट्या भागांचा पुरवठा आटला. कार्बुरेटर, गिअरबॉक्स, पुढे संपूर्ण इंजिनही मिळेल त्या गाडीचे बसवून जुन्या सलून चालू ठेवल्या गेल्या. आज विक्रीस येणाऱ्या अनेक गाड्यांत मूळ इंजिन नसते त्याचे हे एक प्रमुख कारण आहे.

बीड व मराठवाडा

बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. पश्चिमेला लागून असलेला अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्हा मुंबई इलाख्यात होता. म्हणजे मुंबई बंदरातून नगरमार्गे बीडला येणारी गाडी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात प्रवेश करीत असे. संस्थानाचे स्वतःचे जकात खाते होते. त्यास ‘करोडगिरी’ म्हणत. जिल्ह्यात परळी वैजनाथ हे रेल्वेस्थानक असले, तरी बीड शहरास रेल्वे मिळाली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी. तोपर्यंत शहराचा बाहेरच्या जगाशी संबंध सडकेनेच होता. संस्थानाच्या रेल्वे खात्याने जून १९३२ मध्ये २७ बसगाड्यांनिशी सार्वजनिक मोटार वाहतूक सुरू केली. खासगी मोटार ही मात्र जहागीरदार, वरिष्ठ अधिकारी, व्यापारी व वकील अशा मोजक्या वर्गाच्या आवाक्यातील वस्तू होती.

संस्थानकालीन कागदपत्रे वाचताना तीन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात.

पहिली गोष्ट भाषेची. राज्यकारभाराची भाषा उर्दू असल्यामुळे पावत्या व परवाने उर्दूत असू शकतात. इंग्रजी कागदांत बीडचे नाव ‘भीर’ असे येते.

दुसरी गोष्ट कालगणनेची. संस्थानात फसली सन चालत असे. इसवी सन काढण्यासाठी त्यात साधारणतः ५९० मिळवावे लागतात. १३४५ फसली म्हणजे सुमारे १९३५-३६ होय. फसली वर्षाचा आकडा हा गाडीचा क्रमांक समजला गेल्यास किंवा हिजरी सन मानला गेल्यास निर्मितीचे वर्ष चुकीचे ठरते. तेरावे-चौदावे शतक दर्शविणारे हे दोन्ही सन दिसायला सारखे असले, तरी हिजरी वर्ष चांद्र असल्यामुळे त्या काळात दोहोंमध्ये सुमारे नऊ वर्षांचा फरक पडतो.

तिसरी गोष्ट चलनाची. संस्थानाचे ‘हाली सिक्का’ हे स्वतंत्र चलन होते. सात हाली रुपये हे सुमारे सहा ब्रिटिश, म्हणजे ‘कलदार’, रुपयांच्या बरोबरीचे असत. जुन्या खरेदीपावतीवरील किंमत कोणत्या रुपयांत आहे, हे त्यामुळे पाहावे लागते.

सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. एकाच कुटुंबात राहिलेल्या गाडीचे कागदही अशा रीतीने हैदराबाद, मुंबई व महाराष्ट्र या तीन शासनांचे असू शकतात. वाड्याच्या वाटणीत किंवा घर पाडताना हे कागद रद्दी म्हणून टाकले गेल्यास गाडी शिल्लक राहते, पण तिची ओळख सिद्ध करण्याचे मुख्य साधन हरवते. नंतरच्या काळात केलेल्या रंगकामाने वा सुशोभनाने ही हानी भरून निघत नाही.

नोंदणी व हस्तांतरण

केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुलै २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीने विंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणीव्यवस्था आणली. ती खासगी वापराच्या दुचाकी व चारचाकी वाहनांना लागू आहे. वाहन मूळ स्वरूपात राखलेले असावे आणि चासी, बॉडीचा सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा, अशी अट आहे. दुसऱ्या गाडीचे किंवा डिझेलवरील इंजिन बसविलेल्या सलूनची अडचण येथेच उभी राहते.

आधी नोंदणी झालेल्या वाहनाला जुना क्रमांक कायम ठेवता येतो. नव्याने नोंदणी होणाऱ्या वाहनास ‘व्हीए’ मालिकेतील क्रमांक मिळतो. त्यात राज्याची अक्षरे, ‘व्हीए’ ही खूण, दोन अक्षरांची मालिका व चार अंकी संख्या असते. उदाहरणार्थ, ‘एमएच व्हीए एए ०००१’. बीडचा ‘२३’ किंवा अंबाजोगाईचा ‘४४’ यांसारखा कार्यालयाचा आकडा त्यात येत नाही. जुना क्रमांक कोणत्या राजवटीत व कोठे दिला गेला याची माहिती अनेकदा त्या क्रमांकातच दडलेली असल्याने तो टिकविणे हा गाडीचा इतिहास टिकविण्याचा भाग आहे.

नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून तिची मुदत दहा वर्षे आहे. पुनर्नोंदणीचे शुल्क ५,००० रुपये आहे. अर्जासोबत विम्याची पॉलिसी, तसेच भारतात आधी नोंदलेल्या गाडीसाठी जुने नोंदणीपत्र आणि आयात गाडीसाठी आयातीचे दस्तऐवज द्यावे लागतात. विंटेज म्हणून नोंदलेल्या वाहनाची विक्री करता येते. व्यवहारानंतर ९० दिवसांच्या आत खरेदीदार व विक्रेता या दोघांनीही आपापल्या राज्याच्या परिवहन प्राधिकरणास कळविणे आवश्यक आहे.

या नोंदणीबरोबर वापरावर मर्यादाही येते. अशी गाडी प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, विंटेज रॅली, इंधन भरणे व देखभाल यांसाठीच रस्त्यावर आणता येते. दैनंदिन वा व्यावसायिक वापरास मनाई आहे. लग्नसमारंभासाठी भाड्याने देण्याच्या हेतूने जुनी सलून घेणाऱ्याने ही बाब आधीच विचारात घेणे इष्ट ठरते.

विंटेज नोंदणी नसलेल्या गाडीस मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील हस्तांतरणाच्या सर्वसाधारण तरतुदी लागू होतात. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते व पुढे दर पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते. दीर्घकाळ गोठ्यात वा कोठारात उभ्या असलेल्या गाडीची नोंदणी बहुधा कालबाह्य झालेली असते. मूळ मालक मृत असल्यास आधी वारसाच्या नावे नोंद करून घ्यावी लागते. त्यासाठी ‘नमुना ३१’ विहित आहे. अनेक वारसांपैकी एकानेच परस्पर विक्री केल्यास पुढे वाद उद्भवतो आणि हस्तांतरण अडकून पडते. परराज्यातील नोंदणी असल्यास त्या राज्याचे ना-हरकत प्रमाणपत्रही लागते.

निर्यातीवरील निर्बंध

१९७१ मध्ये संस्थानिकांचे तनखे रद्द झाले. त्या सुमारास अनेक राजघराण्यांच्या व धनिकांच्या गाड्या स्वस्तात विकल्या गेल्या आणि त्यांतील कित्येक परदेशी गेल्या. पुढे सरकारने अशा गाड्यांच्या निर्यातीस आळा घातला. १ जानेवारी १९५० पूर्वी तयार झालेल्या मोटारगाड्या व त्यांचे सुटे भाग निर्यात धोरणात निर्बंधित वर्गात ठेवण्यात आले; परवान्याशिवाय ते देशाबाहेर पाठविता येत नाहीत. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यातील सर्वसाधारण व्याख्येसाठी वस्तू किमान शंभर वर्षे जुनी असावी लागते. १९३० च्या दशकातील सलून त्या व्याख्येत अद्याप येत नाहीत. निर्यात निर्बंधांमुळे परदेशी लिलावांतील किमती भारतातील गाडीस जशाच्या तशा लागू होत नाहीत.

विक्रीपूर्व तपासणी

क्रमांक: चासी व इंजिन यांवरील ठोकलेले क्रमांक नोंदणीपत्रातील, म्हणजे बोलीभाषेतील ‘बुका’तील, क्रमांकांशी जुळले पाहिजेत. फोर्डच्या या काळातील गाड्यांत इंजिनाचाच मूळ क्रमांक चासीवरही ठोकलेला असे. त्यामुळे इंजिन बदलले आहे काय हे पडताळता येते. नव्याने घासलेली किंवा वेगळ्या वळणाच्या अंकांची जागा संशयास्पद मानावी.

निर्मितीचे वर्ष: युद्धपूर्व प्रकार व युद्धपूर्व गाडी या भिन्न गोष्टी आहेत. मॉरिस एटची ‘ई’ मालिका १९३८ मध्ये आली व १९४८ पर्यंत बनत राहिली. त्या मालिकेतील गाडी युद्धोत्तर असू शकते.

लाकडी सांगाडा: दार बंद करताना ते खाली ओघळत असेल, तर बिजागरीजवळचे लाकूड कुजलेले किंवा सैल झालेले असण्याची शक्यता असते. मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात लाकूड आकसते, पावसाळ्यात फुगते आणि वाळवी त्यास आतून पोखरते. दुरुस्तीत मूळ लाकडाऐवजी सागवान वापरल्याचे भारतात अनेकदा आढळते. अशी दुरुस्ती टिकाऊ असते. मात्र तिची नोंद असावी.

इंजिन: फोर्ड मॉडेल ए व त्या काळच्या सहा सिलिंडरच्या शेवरोलेमध्ये बॅबिट या मऊ मिश्रधातूची ओतीव बेअरिंगे असत. ती झिजल्यावर पुन्हा ओतून घ्यावी लागतात, आणि हे काम जाणणारे कारागीर थोडे आहेत. वर्षानुवर्षे उभी असलेली गाडी तपासणीआधी हँडल मारून किंवा ढकलून सुरू करणे हानिकारक असते. अडकलेल्या पिस्टनमुळे इंजिन कायमचे बिघडू शकते.

ब्रेक: शेवरोलेने द्रवचलित ब्रेक १९३६ मध्ये, तर फोर्डने १९३९ च्या गाड्यांत आणले. त्यापूर्वीच्या गाड्यांचे ब्रेक सळया किंवा तारांनी चालत. त्यामुळे थांबण्यास अधिक अंतर लागते.

इंधन: सध्या पंपांवर प्रामुख्याने २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉल ओलावा शोषून घेते व जुन्या रबरी नळ्या, बुचाच्या गॅस्केटी यांना अपाय करते. पेट्रोलची टाकी, नळ्या व कार्बुरेटर यांतील असे भाग बदलून घेणे आवश्यक ठरते.

जतन की जीर्णोद्धार

जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२-१३ मध्ये स्वीकारलेल्या टुरिन सनदेत जतन, संवर्धन व जीर्णोद्धार यांत भेद केला असून शक्य तेवढा कमी हस्तक्षेप करण्यावर भर दिला आहे. मूळ रंग, झिजलेले चामडे, जुन्या विक्रेत्याची पितळी पट्टी या गोष्टी एकदा काढल्या की परत आणता येत नाहीत. विक्रीसाठी गाडी चकचकीत करताना नेमका हाच पुरावा नष्ट होतो. याच कारणाने जाणकार खरेदीदार धुळीत उभी असलेली, पण अखंड व कागदपत्रांसह मिळणारी सलून नव्याने रंगविलेल्या व मिश्र भागांच्या गाडीपेक्षा पसंत करतात.

महाराष्ट्रात अशा जतनाचे परिचित उदाहरण कोल्हापूरचे आहे. छत्रपती घराण्याची युद्धपूर्व मेबॅक मोटार तेथील दसऱ्याच्या सोहळ्यात आजही दिसते. ती सलून नाही. तरीही एक गाडी, एक घराणे व एक प्रसंग यांचा संबंध अखंड राहिल्याने तिला जे महत्त्व आले आहे, ते केवळ दुर्मीळपणातून येत नाही. सामान्य कुटुंबातील एखाद्या मॉरिस वा शेवरोले सलूनच्या बाबतीत हेच काम जुने नोंदणीपत्र, कराच्या पावत्या, विम्याचे कागद व गाडीसह काढलेली छायाचित्रे करतात. विक्रीच्या वेळी हे सर्व साहित्य गाडीबरोबर सुपूर्द केले जाणे आणि त्याची यादी विक्रीपत्रास जोडली जाणे हितावह असते.

सारांश

भारतातील युद्धपूर्व सलून आज दैनंदिन वाहतुकीचे साधन राहिलेली नाही. निर्यात निर्बंध व विंटेज नोंदणीचे नियम यांनी तिला वारशाच्या वस्तूचे स्थान दिले आहे. तिचे सुटे भाग काही प्रमाणात पुन्हा घडविता येतात. मात्र मूळ चासी, मूळ इंजिन आणि पहिल्या मालकापासूनचे कागद एकमेकांपासून वेगळे झाले, तर ती गाडी कोणती हे सांगणे अवघड होते व तिच्या कायदेशीर नोंदणीचा मार्गही अरुंद होतो.